कुंपणाआतली जत्रा

माळेगावची यात्रा पाहिलेल्या माणसाला थीम पार्क म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या त्या माळावर खंडोबाच्या नावाने काही दिवसांचे एक शहर उभे राहते. एका अंगाला घोडे, गाढवे, उंटांचा बाजार, दुसऱ्या अंगाला तमाशाच्या राहुट्या, मध्ये कुस्त्यांचा फड, आणि या सगळ्यावर भंडाऱ्याचा पिवळा रंग. लातूरकरांकडे महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा असते. दोन्हीकडे दुरून आधी दिसतो तो आकाशपाळणा. गाव अजून कोसभर लांब असते, पण पाळण्याचे दिवे दिसले की बैलगाडीतली, आणि आता टमटममधली, पोरे उभी राहतात.

पाळणेवाला पाळणा कसा भरतो, हे एकदा जवळ उभे राहून पाहावे. रांगेतली माणसे तो ओळीने बसवत जात नाही. एका डब्यात चौघे बसले की चाक अर्धे फिरवून समोरच्या डब्यात तेवढ्याच वजनाची माणसे घेतो. मग पुन्हा अर्धा फेरा. अंगापिंडाने थोराड पाहुणा आला, तर त्याच्या समोर दोन बारक्या पोरांची भर घालतो. तराजू हातात नसतो, डोळ्यांत असतो. लोखंडी पायांखाली लाकडी पाचरी मारलेल्या असतात आणि रात्री गर्दी ओसरल्यावर त्या पुन्हा ठोकल्या जातात. करमणुकीच्या शास्त्राचा पहिला धडा इथेच मिळतो: वर बसलेल्याला भीती वाटली पाहिजे, पण धोका असता कामा नये.

लाकडी, हाताने फिरवायचे असे पाळणे आशियात आणि पूर्व युरोपात सतराव्या शतकापासून दिसतात. त्यांचे लोखंडी आणि अवाढव्य रूप १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभे राहिले. जॉर्ज फेरिस या अभियंत्याचे ते चाक २६४ फूट उंच होते. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसे मावत. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत त्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद बोलले. जत्रेत देव आणि पाळणा शेजारी असतात, तसे ते शिकागोतही होते, असे म्हणायला हरकत नाही.

जत्रेला कुंपण घालून दारावर तिकीट लावण्याचा प्रयोग त्याहून पन्नास वर्षे जुना. कोपनहेगनच्या तटबंदीलगत गेऑर्ग कार्स्टेन्सन याने १५ ऑगस्ट १८४३ रोजी तिवोली बाग उघडली, आणि ती आजही चालू आहे. फुलझाडे, वाद्यवृंद, रंगीत दिवे आणि पाळणे असे तिचे रूप. वॉल्ट डिस्ने १९५१ मध्ये तिथे गेला आणि तिची स्वच्छता व दिव्यांची रोषणाई त्याच्या मनात ठसली. त्याच्या आधी लॉस एंजेलिसच्या एका बागेत, मुली चक्रपाळण्यात बसलेल्या असताना, तो बाकावर नुसता बसून राहिला होता. मुलांसाठी सोय आहे, बापाने काय करायचे? आपल्या जत्रेत पोरांच्या चपला हातात धरून पाळण्याखाली उभा असलेला बाप हाच प्रश्न मुकाट्याने विचारत असतो. डिस्नेने त्याच्या उत्तरासाठी १६० एकर जमीन घेतली.

१७ जुलै १९५५ रोजी अ‍ॅनाहाइम येथे उघडलेल्या डिस्नेलँडची रचना शेतकऱ्याला लगेच उमजेल अशी आहे. सगळ्या जागेभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. बांधामुळे बाहेरचे रस्ते आणि विजेचे खांब आतून दिसत नाहीत. आत यायला दार एकच. दारातून येणाऱ्याला बांधाखालच्या बोगद्यातून जावे लागते, म्हणजे उंबरठा ओलांडल्याची जाणीव होते. गुरुद्वाऱ्यात जोडाघरात जोडे ठेवून, पाय धुऊन, डोक्यावर रुमाल बांधून माणूस पुढे सरकतो तेव्हा मन जसे बदलते, त्याच कामाचा हा बोगदा आहे. पुढे सरळ रस्ता आणि टोकाला किल्ला. किल्ला अवघा ७७ फुटांचा, पण त्याचे दगड खाली मोठे आणि वर लहान होत गेलेले. रस्त्यावरच्या दुकानांचे वरचे मजलेही तसेच आखूड केलेले. त्यामुळे डोळा फसतो आणि उंची वाढते. मंदिराच्या शिखरावर भूमी एकावर एक चढताना लहान होत जातात, हे पाहत वाढलेल्या मराठवाड्याला ही युक्ती परकी वाटू नये.

त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट मात्र लातूरच्या माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी. ऊन सडकून होते. खोटे पास छापून निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले. नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या. आणि नळजोडणी करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे काम अपुरे राहिले होते. पिण्याच्या पाण्याचे नळ की स्वच्छतागृहे, यांतले एकच पुरे होणार होते. डिस्नेने स्वच्छतागृहे निवडली. लोक तहानेने व्याकूळ झाले, आणि शीतपेये विकली जावीत म्हणून पाणी बंद ठेवले असा आरोप झाला. स्वप्ननगरीचा पहिला दिवस पाण्यावरून बिघडला.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटर अंतर कापून जलदूत ही पाण्याची रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला दहा डब्यांतून पाच लाख लिटर पाणी आले, पुढे पन्नास डब्यांची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असा ऑलिंपिकच्या मापाचा एक जलतरण तलाव भरायला बरोबर तेवढेच, पंचवीस लाख लिटर, पाणी लागते. मे महिन्यात त्यातले दिवसाला एक सेंटिमीटर जरी वाफ होऊन गेले, तरी साडेबारा हजार लिटर गेले. म्हणजे गल्लीत येणारा एक मोठा टँकर, रोज. वॉटर पार्क चालवणारे पाणी गाळून, शुद्ध करून तेच पुन्हा फिरवतात हे खरे आहे, आणि नीट चालवलेल्या पार्कचा खर्च लोक समजतात त्याहून कमी असतो. पण उडून जाणारे पाणी कुठलीही गाळणी परत आणत नाही. मराठवाड्यात करमणुकीच्या जागेचा आराखडा कागदावर उतरवताना पहिली रेघ पाण्याची हवी, घसरगुंडीची नंतर.

आपल्या देशात ही लाट उशिरा आली. दिल्लीत १९८४ साली अप्पू घर उघडले. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम. मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांनी एस्सेलवर्ल्ड पाहिले ते टीव्हीवरच्या जाहिरातीत. होडीने खाडी ओलांडून तिथे पोचण्याचे भाग्य थोड्यांचे. अप्पू घर २००८ मध्ये बंद झाले, एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये. नांदेड-लातूरच्या सहलींचा ओढा खरे तर हैदराबादकडे राहिला. १९९६ साली उघडलेली रामोजी फिल्म सिटी आजही शाळांच्या यादीत वर असते. तिथली सितारा आणि तारा ही हॉटेले या विषयात फार महत्त्वाची आहेत, कारण थीम पार्कचा जमाखर्च अखेर रात्रीवर ठरतो.

हे रात्रीचे गणित डिस्नेला ठेच लागून कळले. डिस्नेलँड बांधताना पैसे संपत आले, म्हणून हॉटेल जॅक राथर या उद्योजकाला बांधू दिले. ते ऑक्टोबर १९५५ मध्ये उघडले. पार्कभोवती दुसऱ्यांची मोटेले आणि पाट्या उगवल्या आणि रात्रीचा पैसा त्यांच्या गल्ल्यात गेला. ते पहिले हॉटेल कंपनीच्या हाती यायला १९८८ साल उजाडले. हीच ठेच लक्षात ठेवून फ्लोरिडात गुपचूप सत्तावीस हजार एकरांवर जमीन घेतली गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते संकुल उघडले, तेव्हा वॉल्ट डिस्ने जाऊन पाच वर्षे होत आली होती. तिथल्या काँटेम्पररी हॉटेलच्या खोल्या बाहेर कारखान्यात पलंग-न्हाणीघरासह तयार झाल्या आणि कपाटात खण बसवावेत तशा क्रेनने पोलादी सांगाड्यात सरकवल्या गेल्या. मोनोरेल त्या हॉटेलच्या पोटातून जाते. पाहुणा झोपायला गेला तरी खेळाच्या बाहेर पडू नये, हा त्यामागचा विचार.

पण हाच विचार पॅरिसजवळ अंगाशी आला. १२ एप्रिल १९९२ रोजी तिथले पार्क पाच हजारांहून अधिक खोल्यांसह उघडले. पॅरिसहून गाडीने तासाभरात येता येते, मग मुक्काम कशाला? लोक सकाळी येत, संध्याकाळी परतत. पहिल्याच हिवाळ्यात एक मोठे हॉटेल बंद ठेवावे लागले आणि १९९४ मध्ये कर्जाची नव्याने मांडणी करावी लागली.

महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी इमॅजिका उभारले. नायट्रो नावाचा तिथला रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड या नामांकित कंपनीचा. नदीतल्या सफरीला नाव राजासॉरसचे, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात ज्याचे अवशेष सापडले त्या आपल्या डायनासोरचे. काम मनापासून केलेले होते. २०१५ पासून शेजारी नोव्होटेलही आले. पण जागा मुंबई-पुण्याच्या मधोमध, दोन्हीकडचे लोक त्याच दिवशी घरी जाऊ शकणारे, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले. या समूहाचा करमणुकीतला अनुभव कुठला, तर शिर्डीचा. तिथे त्यांचे वॉटर पार्क होते आणि साई तीर्थ नावाचे भक्तीवर बेतलेले थीम पार्कही. शिर्डीला लोक मुक्कामाला येतच होते. दर्शन झाल्यावर उरलेल्या दिवसाचे काय करायचे, एवढेच त्यांना सुचवायचे होते.

शेगावने हे त्याच्याही आधी ओळखले होते. श्री गजानन महाराज संस्थानचे आनंदसागर शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात आकाराला आले: विदर्भाच्या उन्हात दोनशे एकरांहून मोठी बाग, तलाव, बेटावर ध्यानकेंद्र, मुलांसाठी आगगाडी. मुक्कामाला भक्तनिवास, जेवायला प्रसादालय. मध्यंतरी काही वर्षे ते बंद राहिले, तरी नांदेड, लातूर, परभणीच्या एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल म्हणजे आनंदसागर. स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची शिस्त या बाबतीत शेगावने कुठल्याही परदेशी पार्कापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. दर्शनबारीत बसायला जागा, डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी असले की तास सरतो; डिस्नेच्या अभियंत्यांनी रांगेचे जे शास्त्र रचले, त्याचे सारही एवढेच आहे.

आता नांदेडकडे पाहावे. पंजाबातून सचखंड एक्सप्रेसने दीड दिवसाचा प्रवास करून यात्रेकरू हुजूर साहिबला येतात. महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभारलेल्या तख्ताचे दर्शन घेतात, लंगरमध्ये जेवतात, यात्री निवासात उतरतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीने शहराचे रस्ते, घाट, निवास पालटले. अ‍ॅनाहाइमला दिवस होता आणि रात्र नव्हती. नांदेडला रात्र आहे आणि दिवस अपुरा आहे. माहूर, होट्टल, कंधारचा किल्ला आणि शेजारच्या जिल्ह्यातले औंढा नागनाथ इतके जवळ असूनही, त्यांना एका धाग्यात ओवणारा, सावलीत बसवून गोदावरीची गोष्ट सांगणारा दिवस यात्रेकरूच्या हाती कोणी ठेवत नाही.

आणि लातूरचा रविवार? शिकवण्यांसाठी गावोगावहून आलेली हजारो मुले तिथे खोल्या घेऊन राहतात. सहा दिवस भौतिक-रसायन-जीवशास्त्र. सातव्या दिवशी खानावळ अर्धा वेळ बंद, आणि जायला मॉल किंवा चहाची टपरी. या मुलांना सव्वाशे फुटांवरून खाली झोकून देणारा कोस्टर मिळाला नाही तरी चालेल. दिवसभर फुकट किंवा थोड्या पैशांत हिंडता येईल, हसता येईल आणि बाकावर झोप काढली तर कुणी उठवणार नाही, अशी जागा त्यांना मिळायलाच हवी. शहरे वाढवताना हा विचार राहून गेला, ही मोठी चूक आहे.

अशा जागेसाठी शेकडो कोटी लागतात हा समज तेवढा काढून टाकावा. डिस्नेलँडची झाडे लावणाऱ्या बिल एव्हान्सपुढे पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. त्या वर्षांत लॉस एंजेलिसभोवती मोठे महामार्ग होत होते आणि वाटेतली जुनी झाडे तोडली जाणार होती. एव्हान्सने त्यांतली कित्येक मुळासकट उचलून पार्कात आणून लावली. म्हणून नव्या कोऱ्या बागेत पहिल्या दिवसापासून मोठ्या झाडांची सावली होती.

तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्ग चौपदरी होताना दुतर्फाचे वड आणि चिंचा आपण तुटताना पाहिल्या. अजून कितीतरी राज्यमार्गांचे रुंदीकरण व्हायचे आहे. वडाचे झाड नीट उचलले तर दुसरीकडे जगते. माळेगावचा माळ वर्षातले काही दिवस सोडले तर मोकळा पडलेला असतो आणि सावली मिळवणे हीच तिथली पहिली गरज आहे. रस्त्याच्या पुढच्या कामावर झाडांना आकडे पडतील, तेव्हा त्यांतले निदान पन्नास वड यात्रेच्या माळावर न्यावेत, अशी मागणी श्रोत्यांनी आपापल्या ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत लावून धरावी.