शुगर लपवण्याचे तीन महिने
(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला खरं तर आयटीतल्या नोकऱ्यांबद्दल बोलायला सांगितलं होतं. मीच विषय बदलून मागितला. नोकऱ्यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत.

डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ८.१ निघालं, उपाशीपोटी साखर १६४. मधुमेहाची रेषा ६.५ आणि १२६ वर असते. मी तेव्हा ३३ वर्षांची, वजन ५२ किलो. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, असं मी ठरवून टाकलं. आमच्या कामात बग आला की आधी तो पुन्हा येतो का ते बघतात. दुसऱ्या लॅबमध्ये गेले. ७.९ आलं.

एचबीएवनसी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते. आदल्या दिवशी शीरखुर्मा सोडून काही उपयोग नाही. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा फुगू शकतो, आणि आपल्या बायकांत ते कमी असतंच. म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, जेवणानंतरची साखर बघितली, बारीक अंगकाठी म्हणून टाईप वन तर नाही ना, हेही तपासलं. नव्हता. सरळ टाईप टू.

घरी सांगितलं तर अम्मी म्हणाली, “तू तो सुकी लकडी, तेरेकु कायकी शुगर?”

या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय, हे मला माहीत नव्हतं. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत बारीक, पण चरबी त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टर मित्राचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी तो फोटो अम्मीला मोबाईलवर दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “मतलब मेरे पेट से लाई क्या तू?” तसं नाही, असं मी पटकन म्हणाले. पण ते इतकं सोपं नाही. आईला पोटभर मिळालं नाही, तिच्या आईलाही मिळालं नाही, त्याचा हिशोब अंगात राहतो. यात अम्मीचा काय दोष?

२०२३ मध्येच आयसीएमआरचा मोठा अभ्यास आला. देशात १० कोटी लोकांना मधुमेह. तरी आमच्या कोंढव्याच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच नव्हता! कारण कुणी बोलतच नव्हतं. अम्मीनेही बजावलं, “बाहर किसीकु बोलना नक्को, रिश्ते की बात चल रही है.” मी शिकलेली, कमावती, सभांमध्ये हक्कांवर बोलणारी मुलगी. गप्प बसले. गोळ्यांची स्ट्रिप लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरच्या कप्प्यात.

मग मार्च २०२४ मध्ये रमजान आला. रोजे सोडले असते तर घरात काय सांगायचं, हा प्रश्न नव्हता, घरी माहीत होतं. प्रश्न इफ्तारीला येणाऱ्यांचा होता. तसं पाळीच्या दिवसांत रोजा नसताना असल्यासारखं वागणं आपल्यातल्या प्रत्येक मुलीला येतं. पण महिनाभर? मी सगळे रोजे धरायचं ठरवलं आणि डॉक्टरांना विचारलंच नाही. मेटफॉर्मिनसोबत मला ग्लिमेपिराइड होतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. सहरीला ती घेऊन मी तेरा तास उपाशी राहत होते.

नवव्या रोज्याला संध्याकाळी पाचच्या सुमारास लुल्लानगर चौकात सिग्नलला उभी होते. हात थरथरायला लागले, स्कार्फ घामाने ओला, समोरचा सिग्नल लाल की हिरवा कळेना. गाडी कशीबशी कडेला घेतली. समोर रसवंती होती. एक ग्लास मागितला. रसवाले काका म्हणाले, “ताई, रोजा असेल ना तुमचा?” मी काही न बोलता प्यायले, रस्त्याकडे पाठ करून. त्या क्षणी मला जीव जाण्याची भीती कमी आणि ओळखीचं कुणी बघेल याची जास्त वाटत होती. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय. अर्ध्या तासाने घरी पोचून मीटर लावला तर ७८. रसाआधी किती असेल, तुम्हीच विचार करा.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, रमजानच्या दीड-दोन महिने आधी या. गोळ्या बदलता येतात, मोठा डोस इफ्तारीकडे नेता येतो, आणि काही रुग्णांना रोजा नकोच हे स्पष्ट सांगावं लागतं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथल्या तिथे सोडायचा, इफ्तारीला दहा मिनिटं राहिली असली तरी. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांनी सांगितलंय. तरी कितीजण त्याच भीतीने तपासत नाहीत.

सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सूट आहे: ते दिवस नंतर भरून काढा, आणि ज्यांना झेपतच नाही त्यांनी गरिबाला जेवू घाला. लहानपणी मदरशात मी हे पाठ केलं होतं. देवाने दिलेली सूट शेजाऱ्यांच्या भीतीने नाकारायची, याला मी धार्मिकपणा म्हणत नाही. ही सूट घेणाऱ्याला आपण चोरासारखं जेवायला लावतो, त्यावर मात्र चळवळीत बोललं पाहिजे. हमीदभाई दलवाई १९७७ मध्ये किडनीच्या आजाराने गेले, अवघे ४४ वर्षांचे होते. त्यांचे विचार आपण वाचतो, पण आजारी शरीराबद्दल आपल्या शिबिरांत मी कधी काही ऐकलं नाही.

रिश्त्याचं विचाराल तर पुढच्या स्थळाला मी पहिल्याच भेटीत सांगितलं. नाश्त्याच्या प्लेटमधला गुलाबजाम बाजूला ठेवला आणि कारण सांगितलं. त्यांचा निरोप आला नाही. अम्मी आठवडाभर बोलली नाही. पण तिनेच ते खालाला सांगितलं असणार, कारण एके दुपारी खाला आली, दार लोटलं आणि ओढणीच्या गाठीतून पुडी काढली. माझीच गोळी, माझ्याच कंपनीची. सहा वर्षं घेतेय. खालूंना माहीत नाही.

२०२५ च्या रमजानमध्ये औषध बदललेलं होतं. अकरा रोजे नीट झाले. बाराव्याला चार वाजता मीटरवर ६८ आलं. अम्मीने खजूर पुढे केला, “कझा बाद में रखेंगे,” म्हणाली आणि इफ्तारीची भजी तळायला गेली.

मीटर आज सोबत आणलाय. सुई प्रत्येकाला नवी. एखाद्या आकड्याने निदान होत नाही, पण जास्त आला तर लॅबमध्ये जायला निमित्त मिळेल. ज्यांना बघायचंय त्यांनी मधल्या सुट्टीत या. चहा प्यायच्या आधी या, आणि हात धुऊन. बोटाला गुलाबजामचा पाक असेल तर आकडा त्याचाच येतो.