ज्यू घरातली दानपेटी



पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, जुन्या माणसांना ‘शनवार तेली’ हे नाव ठाऊक असते. तेलाचा घाणा चालवणारी, पण शनिवारी तो बंद ठेवणारी ही मंडळी म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे ज्यू. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांची आडनावे लावून ते इथलेच झाले. 1948 नंतर पुष्कळजण इस्राएलला गेले. इथे आता थोडी घरे उरली आहेत.

जगभरच्या ज्यू घरांत रूढ असलेली एक साधी वस्तू म्हणजे दानपेटी. पेटी ती काय! पत्र्याचा डबा आणि झाकणाला नाणे जाईल एवढी चीर. शब्बाथच्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही; म्हणून शुक्रवारी दिवेलागणीला, दिवा लावण्यापूर्वी, घरची बाई दोन नाणी पेटीत टाकते. पोरांच्या हातूनही टाकवते. मूल बोलायला शिकते तसे देण्यालाही शिकते.

या दानाला हिब्रू भाषेत ‘त्सेदाका’ म्हणतात. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांचा ‘सदका’ हा त्याचाच भाऊबंद. त्सेदाका या शब्दाच्या मुळाशी दया नाही, न्याय आहे. गरिबाला देणे हे उपकार नव्हेत. त्याचे होते ते त्याला पोचवले, इतकेच. शेत कापताना कडेचा कोपरा गरिबासाठी उभा ठेवावा, ही आज्ञाही याच विचारातली. आणि जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही त्यातून थोडे द्यावे, असे धर्मशास्त्र सांगते. म्हणजे देणारा होण्याचा मान गरिबालाही आहे.

पण पैसा गोळा झाला की हिशेब आला. जुन्या ज्यू नियमाप्रमाणे गावचा निधी दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी मिळून वाटायचा. एकट्याच्या हाती काही नाही! आपल्या गावकीच्या वर्गणीलाही हा नियम लावायला हरकत नाही.

बाराव्या शतकातले थोर पंडित मोशे बेन मैमून यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत देणे ही सर्वांत खालची. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, ही वरून दुसरी. पेटीचा उपयोग इथेच होतो. सर्वांत वरची पायरी कोणती? माणसाला काम द्यावे, कर्ज द्यावे, धंद्यात भागीदार करावे. पुन्हा हात पसरण्याची पाळीच येऊ नये.

थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्यालाही नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभारला, आणि 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. गोळा कसे करावे हे आपण जाणतो. द्यावे कसे, तिथे मात्र आपले चुकते. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या पंख्यावर देणाऱ्याचे नाव ठळक रंगवलेले असते. वर्गात ‘गरीब विद्यार्थी, उभे राहा’ असे म्हटले की पोर मान खाली घालून उभे राहते. त्याला वही मिळते. पण चाळीस जणांच्या देखत ती घेतल्याचे ते जन्मभर विसरत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवतो. शाळेत एक पेटी ठेवा. तिच्यात ज्याने त्याने, मुलांनी आणि गुरुजींनीही, जमेल ते टाकावे. कोणी किती टाकले ते विचारू नये. दोघांनी मोजावे, तिघांनी ठरवावे, आणि वही त्या मुलाच्या घरी मुकाट्याने पोचावी. पोचवणाऱ्याने एवढेच सांगावे, ‘ही तुझी आहे.’