एका भाषेचे चार संसार



संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची चिंता वाहावी, असा संकेत आहे. आज तो मोडतो. बोलणार भाषेबद्दलच, पण बोस्नियातल्या सारायेवोच्या वाटेने.

1993 मध्ये सॅम्युअल हंटिंग्टन या अमेरिकी प्राध्यापकाने भाकीत केले, की यापुढची युद्धे संस्कृतींच्या, म्हणजे बव्हंशी धर्मांच्या सीमारेषांवर पेटतील. आठ वर्षांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि तो अनेकांना द्रष्टा वाटू लागला. मला वाटला नाही. त्याच लेखात त्याने म्हटले होते, की संस्कृतीच निर्णायक असेल तर रशियन आणि युक्रेनियन यांच्यात हिंसाचाराची शक्यता कमीच; दोघेही स्लाव्ह, बहुतांशी ऑर्थोडॉक्स. पुढचे आपण रोज वाचतो. युक्रेनने नाताळच्या सुट्टीची तारीख रशियाशी जुळणाऱ्या 7 जानेवारीवरून 25 डिसेंबरला आणली ती 2023 मध्ये, रणगाडे घुसल्यानंतर.

हंटिंग्टनच्या बाजूने खरी भक्कम साक्ष बोस्नियाची. कॅथलिक क्रोएट, ऑर्थोडॉक्स सर्ब, मुसलमान बोस्नियाक. 1992 पासून जवळजवळ चार वर्षे सारायेवोला वेढा. 1995 मध्ये स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. नाव ऐकून माणसाचे मरण ठरे. म्हणून धर्म हा नुसता बुरखा होता, असे सांगणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रांशीही माझे जमत नाही. त्या मुलांच्या आयांना हे सांगून पाहा.

पण सारायेवोत हेच लोक एकाच जिन्याने चढत-उतरत होते. 1984 चे हिवाळी ऑलिंपिक याच गावाने भरवले. मग बिनसले काय? बोस्निया ज्या युगोस्लाव्हियाचा भाग होता, त्याचा सर्वेसर्वा टिटो 1980 मध्ये गेला, मागे परदेशी कर्ज ठेवून. 1989 मध्ये महागाई अशी भडकली, की पगार हातात येईतो त्याचे मोल विरघळे. साम्यवादाच्या पोथीवर कोणाचा विश्वास उरला नाही, तेव्हा सर्बियाच्या मिलोशेविचसारख्या पक्षातल्या कारभाऱ्यांनी दुसरी पोथी उघडली. सर्बांनी तुर्कांशी दिलेल्या कोसोवोच्या 1389 च्या लढाईला सहाशे वर्षे झाली म्हणून मिलोशेविचने प्रचंड सभा घेतली. दूरचित्रवाणी त्याच्या मुठीत होती. लष्कराची शस्त्रेही लवकरच आली. भेद शतकांचे जुने, पण हिशेब त्या दहा वर्षांचा होता.

इथे आपली, लिहिणाऱ्यांची, जमात येते. बोस्नियन सर्बांचा नेता रादोवान कराजिच, ज्याला नरसंहाराबद्दल पुढे जन्मठेप झाली, तो मानसोपचारतज्ज्ञ होता आणि कवी होता. संग्रह छापून आलेला कवी. ऑगस्ट 1992 मध्ये वेढा घालून बसलेल्या त्याच्या फौजांच्या तोफगोळ्यांनी सारायेवोचे राष्ट्रीय ग्रंथालय पेटले आणि लाखो पुस्तकांची राख झाली.

हे सगळे जी एकच भाषा बोलत आणि जिला सर्बो-क्रोएशियन म्हणत, तिचे आज चार संसार आहेत: सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, माँटेनिग्रिन. कॉफी झाग्रेबात 'कावा', बेलग्रेडमध्ये 'काफा', सारायेवोत 'काहवा'. पुण्याहून नागपूरला जाताना आपण याहून जास्त बदलतो. बोस्नियातल्या सिगारेटच्या पाकिटावर तिथल्या तिन्ही अधिकृत भाषांत इशारा असे: रोमन लिपीत दोन ओळी, अक्षरन् अक्षर एकच, आणि सिरिलिकमध्ये पुन्हा तीच.

आपणही मराठी-कोकणीवरून कमी भांडलो नाही. गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा प्रश्न 1967 मध्ये मतपेटीने सोडवला. 1986 च्या भाषा-आंदोलनात मात्र रक्तही सांडले. आपण फार शहाणे होतो, असे नाही. राज्यव्यवस्था फुटलेली नव्हती आणि तोफा कोणी वाटल्या नव्हत्या.

तिकडे 1991 मध्ये, क्रोएशियात युद्ध सुरू झाले त्याच वर्षी, सर्बियन आणि क्रोएशियन शब्दांतला फरक दाखवणारा जाडजूड कोश निघाला. कोशकाराचे कष्ट मी जाणतो. अशा कामाला आयुष्य लागते, म्हणजे माणूस शांततेतच कामाला लागला असणार. पुढे 1999 मध्ये 'राने', म्हणजे 'जखमा', हा सर्बियन चित्रपट क्रोएशियात उपशीर्षके लावून दाखवला. पडद्यावरचा माणूस जे बोले, बहुतेक तेच खाली उमटे. लोक हसत होते.