तुकाराम ओंबळे यांची काठी

सातारा जिल्ह्यांतील केडंबें गांवचे तुकाराम ओंबळे आधीं लष्करांत होते, पुढें मुंबई पोलिसांत सहाय्यक फौजदार झाले. ता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीच्या नाक्यावर त्यांच्या हातीं नुसती काठी होती. पाकिस्तानांतून आलेल्या कसाबच्या बंदुकीची नळीच त्यांनीं दोन्ही हातांनीं धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाहीं. म्हणून तो जिवंत सांपडला व कोर्टांत कटाचा पुरावा उभा राहिला. २००९ सालीं सरकारनें त्यांस मरणोत्तर अशोकचक्र दिलें, तें योग्यच केलें. पण आमच्या वर्गांतील एका पोरानें विचारलें, “गुरुजी, त्यांना बंदूक कां दिली नव्हती?” हार घालणारांनीं त्यास उत्तर द्यावें, आम्हांस देतां आलें नाहीं.