मैदानातील लाट आणि दारातील गर्दी



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणिताचे अध्यापक होते. म्हणून माणसांच्या गर्दीकडे गणिताच्या दृष्टीने कसे पाहता येते, हे सांगण्याचे मी योजिले आहे.

गर्दीत माणूस विवेक गमावतो, असे फ्रेंच विचारवंत गुस्ताव्ह ल बाँ याने १८९५ साली मांडले. तो समज अद्याप गेलेला नाही. आता मैदानातील प्रेक्षक पाहा. १९८६ च्या मेक्सिकोतील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेमुळे ‘मेक्सिकन लाट’ जगभर ठाऊक झाली. फार्काश, हेल्बिंग व विचेक या संशोधकांनी अशा १४ लाटांच्या चित्रफिती अभ्यासून २००२ साली ‘नेचर’मध्ये तिचे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध केले. लाट सेकंदाला सुमारे २० आसने ओलांडते. ती उठविण्यास दोन-तीन डझन माणसे पुरतात. प्रारूपातील माणूस बसून वाट पाहतो, शेजारी उठले की उठतो, मग काही क्षण विसावतो. या विसाव्यामुळेच लाट मागे फिरत नाही. वणव्याचे आणि हृदयाच्या स्नायूंतील स्पंदनाचे गणितही याच जातीचे आहे.

याच तिघांनी २००० साली दारातून बाहेर पडणाऱ्या गर्दीचे प्रारूप मांडले होते. त्यात दिसले ते असे, की प्रत्येकाने घाई केली की अंगाला अंग घासून दारापाशी माणसांची कमान अडकते आणि सर्वांनाच उशीर होतो. मागच्याला पुढचे दिसत नाही. त्याचा हलका रेटा मात्र पुढे साठत जातो.

हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हे. १९८९ साली इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानात घडलेल्या दुर्घटनेत एकूण ९७ जणांचे प्राण गेले. दोष कित्येक वर्षे प्रेक्षकांच्या माथी मारला गेला; २०१६ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण चेंगरून मेले.

प्रारूपाला मैत्री कळत नाही, करुणा कळत नाही. संकटात माणसे परक्यालाही हात देतात, हे बचावलेल्यांच्या कथनांतून अभ्यासकांना आढळले आहे. गणिताची ही मर्यादा मी मान्य करतो. तरीही ते आपल्याला योग्य प्रश्न शिकविते: लोक कसे होते, हे नंतर विचारू; दारे किती होती, किती रुंद होती, आणि ती वेळेवर उघडली का, हे आधी विचारू.

आपल्यापैकी कोणी अभियंते आहेत, कोणी अधिकारी, कोणी यात्रा-उत्सवांचे कार्यकर्ते. हा प्रश्न दुर्घटनेपूर्वी विचारण्याचे दायित्व आपले आहे.