मधल्या मार्कांचा डॉक्टर

(वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात केलेलं भाषण)



तुम्ही मला बोलावलंत तेव्हा माझ्या टोळीतले लोक हसले. मॅट्रिक झालेला गोदी कामगार एम.बी.बी.एस.च्या पोरांना काय सांगणार? पण माणसं कामाला कशी उचलतात, कुणाला आत घेतात आणि कुणाला गेटबाहेर तिष्ठत ठेवतात, एवढं आम्हाला कळतं. तुमच्यातले चार-दोन जण अमेरिकेच्या परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपतात. मार्क मधले आहेत, तिकडं आपलं काय होणार, हा त्यांचा सवाल. म्हणून मी त्या बाजाराचा इतिहास वाचून काढला.

बाजारच म्हणतो मी. तिकडं रेसिडेन्सी कुठं करायची हे मॅच नावाच्या यंत्रणेतून ठरतं. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, हॉस्पिटलं त्यांची देतात, मशीन जोड्या लावतं. मार्चमध्ये निकाल. जे लागलं ते दोघांवर बंधनकारक.

हे आलं कुठून? १९४०च्या दशकात तिकडं जागा जास्त, इंटर्न कमी. हॉस्पिटलं एकमेकांच्या आधी पोरं बांधून घ्यायची, पास व्हायला दोन-दोन वर्षं बाकी असताना. पुढं पुढं तर काही तासांत हो की नाही ते सांग, असा हुकूम. आपल्या गोदीत मुकादम गेटवर बोट दाखवून माणसं उचलायचा, त्याचंच हे पांढऱ्या कोटातलं रूप. इकडं १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला आणि नोंदणीचा, पाळीचा रस्ता खुला झाला. तिकडं १९५२ साली मॅच सुरू झाली.

आणि ऐका. आधी जी पद्धत आखली होती, तिच्यात खरी पसंती वर लिहिणाराच मार खायचा. १९५१ साली विद्यार्थ्यांनी बोंब मारली, हार्वर्डची पोरं त्यात पुढं होती, आणि पद्धत बदलायला लावली. तरी ती हॉस्पिटलांकडंच झुकलेली राहिली. १९९८ सालापासून रॉथ आणि पेरॅन्सन या दोघांनी रचलेली पद्धत आली. ती उमेदवाराच्या यादीपासून सुरू होते. रॉथला २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी. तेव्हा 'मला कोण घेईल' असा विचार करून यादी लिहायची नाही. मनातली जागा पहिली लिहिली म्हणून खालची हातची जात नाही. मधल्या मार्कांची पोरं नेमकी इथं घाबरतात आणि स्वतःच स्वतःला खाली उतरवतात. ही सवय आपल्याला कुणी लावली ते मी सांगायला नको.

मग माणूस अडतो कुठं? मशीनच्या आधी. मुलाखतीलाच बोलावलं नाही तर यादीत लिहिणार काय, कपाळ? एकेका जागेमागं अर्जांचा ढीग. वाचायला वेळ कुणाला? मारली मार्कांची रेघ. आता स्टेप वन ही परीक्षा डॉक्टरकीचा परवाना द्यायचा की नाही एवढ्यासाठी काढलेली. तिच्या तीन आकडी मार्कांची या लोकांनी चाळणी केली. २६ जानेवारी २०२२पासून मार्क देणं बंद, नुसतं पास-नापास. लोक टाळ्या वाजवेपर्यंत चाळणी उचलून स्टेप टूवर नेऊन ठेवली. तिथली सरासरी २५०च्या आसपास. म्हंजे गाळायची हौस आहे तोवर चाळणी मिळतेच.

पण मधले मार्क सगळ्यांचे सारखे नसतात. २०२४च्या मॅचमध्ये अमेरिकेतल्या एम.डी. कॉलेजातली शेवटच्या वर्षाची शंभरातली ९३ पोरं लागली. बाहेरच्या देशात शिकलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक नसलेल्या शंभरातली ५८. तुम्ही या दुसऱ्या रांगेत. तोच मार्क एकाला पुरतो आणि दुसऱ्याला पासपोर्टमुळं अपुरा पडतो. याला गुणवत्ता म्हणायचं?

हा शब्द तिकडंही जुनाच खेळ खेळलाय. १९१०च्या फ्लेक्सनर अहवालाच्या वेळी काळ्यांची सात वैद्यकीय कॉलेजं होती. दर्जाच्या नावाखाली दोनच जगवण्याच्या लायकीची ठरली, हॉवर्ड आणि मेहॅरी. बाकीची पाच बंद पडली. किती पोरं डॉक्टर व्हायची राहिली, त्यांचा मार्क कुठल्या यादीत शोधणार?

आता रिकाम्या जागांकडं बघा. त्वचा, हाडं, प्लास्टिक सर्जरी इथं मोठ्या मार्कांचीही पोरं गळतात. फॅमिली मेडिसिनच्या मात्र २०२४ साली सहाशेच्या वर जागा मॅचमध्ये रिकाम्या राहिल्या. इमर्जन्सी मेडिसिनच्या २०२३ साली साडेपाचशेच्या वर. जिथं गरीब माणूस पहिल्यांदा दार वाजवतो, तिथंच खुर्ची रिकामी. मधल्या मार्कांवर पोट भरतं ते याच वाटेनं आणि इंटर्नल मेडिसिनच्या. आपले इकडून जाणारे बहुतेक तिथंच लागतात. यात कमीपणा मानणाऱ्यानं खुशाल मानावा.

आत गेल्यावरही आपण मजूरच. २००२ साली काही रेसिडेंट डॉक्टर कोर्टात गेले. मॅचमुळं पगाराची घासाघीस करता येत नाही, मालक संगनमत करतात, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाचा निकाल लागायच्या आत, २००४ साली, अमेरिकेच्या संसदेनं पेन्शनच्या एका कायद्यात कलम घुसवलं आणि मॅचला त्या आरोपातून मोकळं केलं. दावा निकालात निघाला. आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली तीच मुळी २००३ साली. आमच्या गोदीत एवढी पाळी मारली तर माणूस क्रेनखाली झोपेल.

जायचंच असेल त्यानं दोन गोष्टी बघाव्यात. एकेका परीक्षेची फी हजार डॉलरच्या पुढं, ती कर्ज काढून भरायची तर घरात आधी बोलून घ्या. आणि तयारी नसताना बसू नका. नापासाचा शिक्का तिकडं पुसत नाही, पुढं पास झालात तरी अर्जावर दिसतो. आणि मॅच लागली नाही तर त्याच आठवड्यात उरलेल्या जागांचा दुसरा फेरा असतो, तेव्हा सोमवारी रडत बसायचं नाही, कागद तयार ठेवायचे.

माझी रात्रपाळी आहे. विचारा काय विचारायचं ते.