पाउणकी आणि अलिबागची सुटी



सुटी जवळ आली कीं मुंबई-पुण्याच्या घरोघरीं एकच प्रश्न निघतो: यंदा कोठें जावें? आणि पुष्कळदां त्याचें उत्तर येतें, अलिबागेस. ठिकाण खरोखरच चांगलें आहे. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचीनें सुमारें तासाभरांत मांडव्यास उतरतां येतें; पुण्याकडील मंडळींना खोपोली-पेणवरून रस्ता आहे. निघतांना आपण गाडीची वेळ पाहतों, राहण्याची जागा ठरवितों, मुलांचे कपडे मोजतों. परंतु समुद्रकांठचा सारा दिनक्रम जिच्यावर अवलंबून असतो, ती तिथि मात्र कोणी पाहत नाहीं. त्या तिथीविषयींच आज चार शब्द सांगावे असा विचार आहे.

अलिबागेस गेलेला मनुष्य प्रथम कुलाबा किल्ला पाहूं इच्छितो. शिवछत्रपतींनीं १६८० मध्यें त्याचें काम हातीं घेतलें, संभाजीमहाराजांच्या काळांत तें पुरें झालें, आणि पुढें आंगऱ्यांच्या आरमाराचें तें मोठें ठाणें बनलें. तटाचे प्रचंड चिरे दरजांत चुना न भरतां एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली कीं तिचें पाणी फटींतून शिरतें आणि तिचा जोर मोडतो. आंत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि राघोजी आंगऱ्यांनीं १७५९ मध्यें बांधविलेलें गणपतीचें देऊळ आहे. चहूंकडे खारें पाणी असतां मध्यें गोडें पाणी पाहून मुलांस मोठें नवल वाटतें.

या किल्ल्याची मौज अशी कीं, ओहोटीस तेथें पायीं जातां येतें आणि भरतीस होडीवांचून गति नाहीं. मग ओहोटी केव्हां? याचा हिशेब किनाऱ्यावरील कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडीं करीत आले आहेत. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. जुन्या शाळांत पावकी, निमकी आणि पाउणकी पाठ करवीत. त्या पाउणकीचा असा सुंदर उपयोग दुसरा मला ठाऊक नाहीं. चतुर्थी असेल तर चारांची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. भरतीपासून ओहोटी सुमारें सहा तासांवर, म्हणून सकाळीं नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस भरती सहास आणि ओहोटी बारास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही तितकीच मागें सरते. पाउणकींतील पाऊण तास तो हाच.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढतें आणि फार दूरवर ओसरतें. अष्टमीच्या सुमारास दोन्ही बेताचीं असतात. त्या वेळीं ओहोटींतही वाटेवर पाणी राहण्याचा संभव असतो.

हा हिशेब केवळ सोयीचा नाहीं. त्यावर जिवाची सुरक्षितता आहे. घरांतील कर्ता पुरुष घोटाभर पाणी पाहून म्हणतो, "एवढ्यानें काय होतें?" परंतु भरती नेहमीं समोरूनच येते असें नाहीं. सखल जागा आधीं भरतात. आपण उंच वाळूवर शिंपले वेंचीत उभे असतों आणि पाठीमागची वाट बुडून जाते. म्हणून ओहोटी पुरी होण्यापूर्वीं तासभर निघावें आणि पाणी फिरल्यावर फार न रेंगाळतां परतावें. नवाची ओहोटी असेल तर आठास निघून दहाच्या आंत किनारा गांठावा. पाउणकीचें उत्तर स्थूल आहे. निघण्यापूर्वीं तेथील कोळ्यास एकवार विचारावें, आणि तो "नको" म्हणाला तर वाद घालूं नये. समुद्रस्नानासही हाच नियम. पाणी ओसरत असतां त्याची ओढ बाहेरच्या बाजूस असते. पावसाळ्यांत तर पाण्यांत उतरण्याचा विचारही करूं नये.

मग भरतीचे तास फुकट गेले काय? मुळींच नाहीं. ते तास जमिनीवरील स्थळांसाठीं ठेवावे. गांवांतच कान्होजी आंगऱ्यांची समाधि आहे. १७२९ मध्यें ते वारले. जवळच १९०४ मध्यें स्थापिलेली चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागणार, त्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील नाजूक सुया बिघडणार, म्हणून हें काम येथें आणलें. आणि इमारत बांधतांना लोखंड वर्ज्य केलें. ती बाहेरून पाहिली तरी मुलांस सांगण्यासारखें पुष्कळ आहे. आक्षी येथें शिलाहारांच्या काळचा मराठी शिलालेख आहे. त्यावरील शक ९३४ असा वाचला गेला असून त्या वाचनाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. परंतु आपल्या भाषेच्या बाल्यावस्थेंतील अक्षरें म्हणून तो दगड अवश्य पाहावा. पुढें चौल हें प्राचीन बंदर आणि रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. उत्तरेस सासवणें येथें शिल्पकार करमरकर यांच्या घरीं त्यांचीं शिल्पें मांडलेलीं आहेत.

हें सारें एका दिवसांत उरकूं नये. तीन दिवस काढावे; ओहोटीचे तास समुद्राला आणि भरतीचे तास जमिनीला द्यावे. निघण्याच्या आदल्या रात्रीं भिंतीवरचें पंचांग काढून मुलांकडूनच पाऊणपट करवून घ्यावी. काढलेल्या वेळीं पाणी खरोखरच मागें सरतांना दिसलें, म्हणजे गणिताविषयीं त्यांना जी गोडी लागेल ती वर्गांत बसून लागणें कठीण. आपली सुटी सुखाची होवो, आणि सर्व मंडळी कोरड्या पायांनीं घरीं परत येवोत.